तूप बेंबीत की पोटात?

मूळव्याध झालेल्या माणसाला भर मांडवात गाठून "काय हो, वाढलीय वाटतं तुमची!" असं कुणी म्हणत नाही. मधुमेहवाल्याला टोकतात, पण तेही तो जिलेबीच्या ताटाशी आल्यावर. गालावर मुरूम असलेल्या पोरीला मात्र रिक्षावाल्यापासून बँकेतल्या कॅशिअरपर्यंत कुणीही विचारू शकतो, "चेहऱ्याला काय झालं गं?" बाकीचे रोग ज्याचे त्याचे असतात, मुरूम गावकीचा असतो. आणि विचारणारा नुसता विचारून जात नाही, औषध सांगून जातो. फी घेत नाही, चिठ्ठी लिहीत नाही आणि गुण नाही आला तर पुन्हा भेटत नाही.

आमची भाची कोल्हापुरात आमच्याकडे राहून इंजिनिअरिंग करते. ती आली तेव्हा कपाळावर चार पुटकुळ्या होत्या. वयच तसं म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या वर्षात त्यांनी दोन्ही गाल घेतले, हनुवटी घेतली आणि जबड्याच्या कडेला कातडीखाली टणक गाठी धरल्या. गाठी ठणकायच्या. पोरीला कुशीवर झोपता येईना. हे सगळं घरातल्या कुणाला दिसायच्या आधी बाहेरच्यांना दिसलं आणि औषधांचा ओघ सुरू झाला.

आमच्या आत्या पहिल्या. "अगं, जायफळ उगाळ दुधात आणि लाव. आठ दिवसांत तोंड लख्ख." शेजारच्या काकूंचा भरवसा टूथपेस्टवर, त्यातही पांढऱ्या, जेलवाल्या नव्हे. सोसायटीचा वॉचमन कडुनिंबाची डहाळी रोज स्वतः तोडून द्यायचा. माझ्या एका मित्रानं रक्तशुद्धीच्या काढ्याची बाटली आणली. त्याच्या मते कोल्हापूरकरांचं रक्त मुळातच जाड. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी पोट साफ होत नसल्याचं निदान केलं, तेही जिन्यात, पोरीच्या मैत्रिणींसमोर. "उष्णता" हा शब्द तर इतक्यांनी उच्चारला की पोरीऐवजी घराला कूलर लावावा असं वाटू लागलं. आणि सगळ्यात वयस्कर, सगळ्यात ठाम, सगळ्यात निरुपयोगी सल्ला दर आठवड्याला एकदा तरी यायचा: "लग्न झालं की आपोआप जातात."

सगळ्यांचं एकमत एकाच गोष्टीवर, तेलकट बंद! हे कोल्हापुरात. पोरगी मिसळीच्या दुकानात बसून कट नको म्हणायची आणि वेटर तिच्याकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघायचा. रविवारी तांबड्या रश्श्यावरची तर्री ती चमच्यानं बाजूच्या वाटीत काढायची. वाटीतली तर्री मी संपवायचो. अन्न वाया घालवू नये.

मग ती ट्यूब आली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं आपणहून काढून दिली. "काळजी करू नकासा, चार दिवसांत फरक पडतोय बघा." फरक पडला. चार दिवसांत गाल सपाट, वर रंगही उजळला. आत्यांनी जायफळाला गुण दिला. ट्यूब संपली आणि मुरूम सहकुटुंब परत आले. शिवाय गाल लाल, उन्हात गेलं की झोंबणारे, वर ओठावर बारीक लव. पुढं कळलं की ट्यूबवर भिंगातून वाचावी लागणारी तीन नावं असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. मलम खरं वांगासाठीचं, तेही थोडे आठवडे, डॉक्टरच्या नजरेखाली. आपल्याकडं ते गोरेपणाची क्रीम म्हणून वर्षानुवर्षं चोपडतात. 2018 साली सरकारनं अशा स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, पण कोपऱ्यावर चिठ्ठी कोण मागतो? तिघांचं सरकार महाराष्ट्राला नवीन नाही. पण ते निदान उन्हात गेल्यावर झोंबत नाही.

गाल असे लाल झालेले बघून पोरीच्या मामीनं जायफळ, काढा, कडुनिंब सगळं उचलून माळ्यावर टाकलं आणि म्हणाली, "आता डॉक्टर."

इथं एक अडचण होती. आपल्याकडं त्वचेच्या डॉक्टरच्या पाटीवर त्वचारोग एकटा नसतो. "त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोगतज्ज्ञ" अशी ती पाटी असते. यात डॉक्टरांचा दोष नाही, पदवीच या तिन्हींची असते आणि देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या नावातही तिन्ही आहेत. पण जिना चढणाऱ्याला खालून बघणाऱ्यांना तो तिन्हींपैकी कशासाठी चढतोय हे कळत नाही, आणि बघणारा कधीच पहिला पर्याय धरत नाही. त्यामुळं वरच्या प्रतीक्षागृहात सगळे स्कार्फ बांधून, काही तर हेल्मेट घालून बसलेले. मला तिथं आमच्या पेठेतले एक मान्यवर भेटले. मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "मी शेजारी विमावाल्याकडं आलो होतो." शेजारी विमावाला नव्हता, दातांचा दवाखाना होता.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला भिंगाच्या दिव्याखाली बसवलं, गाठी बोटानं चाचपल्या आणि आम्हाला न विचारता थेट तिलाच विचारलं, "दुखतं का?" इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. सगळे "काय झालं" विचारायचे. मग बाईंनी समजावलं. कातडीत केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजन वाढतात, ग्रंथी जास्त तेल करते, मृत पेशी चिकटून छिद्राचं तोंड बंद होतं, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू माजतात आणि शरीर सूज आणून त्यांच्याशी लढतं. ही लढाई वरवर झाली की पुटकुळी, खोल झाली की गाठ, आणि गाठ गेली की खड्डा. "खाल्लेलं तेल गालातून बाहेर येत नाही," बाई म्हणाल्या. "गोडधोड, मैदा, दूध यांच्याबद्दल थोडाफार पुरावा आहे, तेलाबद्दल नाही." मी तर्रीच्या वाटीबद्दल बोललो नाही.

बाईंनी एकदम जालीम गोळी दिली नाही. आधी डॉक्सिसायक्लिन आणि रात्री लावायचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल. त्या जेलनं मामीचे नवे कोरे निळे अभ्रे गालाच्या आकारात पांढरे केले. त्यानंतर टॉवेल, मग नाईट ड्रेसची कॉलर. बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा आणि केसांचा रंग उडवतं, कातडीचा नाही, हे डब्यावर लिहिलेलं असतं. पण आत्यांनी अभ्रा उजेडाकडं धरून निरखला, त्यांच्या डोळ्यांत चमक आली आणि त्या म्हणाल्या, "कापड एवढं गोरं होतंय, तर पोर का नाही होणार?" मुरूम बाजूलाच राहिले आणि त्या पोरीला सकाळचंही जेल लावायला सांगू लागल्या. अभ्रे शेवटी पांढरेच आणले.

दोन-तीन महिन्यांत वरच्या पुटकुळ्या उतरल्या, खोलातल्या गाठी हलेनात. गालावर दोन खड्डे पडलेले बघून बाईंनी ठरवलं, आता आयसोट्रेटिनॉइन. डॉक्सिसायक्लिन बंद, कारण दोन्ही एकत्र घेतली तर डोक्यातला दाब वाढू शकतो. या औषधाचं कूळ जीवनसत्त्व अ चं. ते तेलाच्या ग्रंथी आकसून टाकतं. 1979 साली अमेरिकेत गॅरी पेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कशालाच न जुमानणारे मुरूम असलेल्या 14 जणांना ते चार महिने दिलं. 13 जणांचे चेहरे पूर्ण साफ झाले, चौदाव्यालाही बराच फरक पडला. तो बहुधा अधूनमधून जायफळ लावत असावा. 1982 साली तिथं औषधाला परवानगी मिळाली आणि रोश कंपनीनं ते ॲक्युटेन नावानं विकायला काढलं.

जीवनसत्त्व अ जास्त झालं की कातडीचं काय होतं, हे मात्र फार आधी दिसलेलं आहे. 1597 साली बर्फात अडकलेल्या डच खलाशांनी पांढऱ्या अस्वलाचं काळीज खाल्लं आणि त्यातल्या तिघांची डोक्यापासून पायापर्यंत कातडी सोलून निघाली. काळीज म्हणजे यकृत, आणि अस्वलाच्या यकृतात हे जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं. हे मी जेवताना सांगितलं. मामीनं "जेवताना नको" म्हटलं आणि आत्यांनी विचारलं, "अस्वलाचं तेल मिळतं, ते चालेल का?"

पण हे नंतरचं. त्याआधी दवाखान्यात, गोळी लिहून देण्यापूर्वी, बाईंनी चष्मा वर करून माझ्याकडं पाहिलं. "मामा, जरा बाहेर बसा." मी बाहेर बसलो. समोर तिन्ही रोगांची पोस्टरं. दहा मिनिटांनी आत बोलावलं, तेव्हा भाची शांत होती आणि मला उगीचच घाम आला होता. या औषधाच्या काळात दिवस गेले तर पोटातल्या बाळात भयंकर व्यंगं येऊ शकतात. त्यामुळं लग्न झालेली, न झालेली, ठरलेली, मोडलेली, प्रत्येकीला तो प्रश्न विचारायचाच, आणि मामासमोर विचारून खरं उत्तर मिळत नाही. अमेरिकेत तर 2006 पासून यासाठी नोंदणीची सक्तीची योजना आहे. दर महिन्याला गर्भचाचणी झाल्याशिवाय औषध हातात पडत नाही. इथं बाईंनी पोरीची सही घेतली, चाचणी केली आणि बजावलं की औषध बंद झाल्यावरही महिनाभर तोच नियम. "लग्न झालं की आपोआप जातात" या शास्त्राचा निकाल असा परस्पर लागला.

आणि मग बाईंनी ते वाक्य उच्चारलं. "गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही. जेवणाबरोबर, आणि जेवणात तूप-तेल हवं. नाहीतर नीट शोषली जात नाही."

मामी दोन क्षण गप्प. मग अगदी हळू आवाजात, "म्हणजे... कट चालेल?"

"तिखट जपून. पण चालेल."

पोरीनं क्लिनिकच्या पायऱ्या उतरताना स्कार्फ सोडला आणि म्हणाली, "मामा, मिसळ." वेटरनं या वेळी तिच्याकडं माणसासारखं पाहिलं.

डोसाचा हिशेब मला फार आवडला. रोजचा डोस वजनाच्या दर किलोमागं अर्धा ते एक मिलिग्रॅम, आणि सगळा मिळून किलोमागं 120 ते 150 मिलिग्रॅम पोटात जाईपर्यंत थांबायचं नाही. आयुष्यभर सहकारी बँकेत कर्जखातं सांभाळल्यामुळं मला हे लगेच समजलं: हप्ता लहान घ्या, मोठा घ्या, मुद्दल फिटल्याशिवाय बोजा उतरत नाही. पोरीचं वजन पन्नास किलो, म्हणजे किमान 6000 मिलिग्रॅम. रोजचे पंचवीस मिलिग्रॅम धरले तर आठ महिने. मी भिंतीवर तक्ता लावला. तिनं तो दुसऱ्याच दिवशी काढला.

सुरुवातीला आणि मधूनमधून रक्त तपासायचं, यकृत आणि चरबी. लॅबवाल्याची दुसऱ्या माणसाला सवलत होती, म्हणून मीही हात पुढं केला. ट्रायग्लिसराइड दीडशेच्या आत असावं असं अहवालावर छापलेलं असतं. पोरीचं आत होतं, माझं दुपटीहून वर. त्या दिवसापासून तिच्या भाकरीवर तुपाची धार आणि माझ्या ताटात दुधीभोपळा. तर्रीची वाटीही तिच्याचकडं गेली. औषध तिला, पथ्य मला.

गोळीच्या खोक्यात एक कागद निघतो. घडी उलगडत गेलो तर तो जेवणाच्या टेबलावरून खाली लोंबतो. माझ्या थोरल्या भावानं तो मोठ्यानं वाचायला घेतला: ओठ फुटणं, डोळे कोरडे होणं, नाकातून रक्त, सांधेदुखी, रात्री कमी दिसणं, मन उदास होणं. वाचता वाचता त्यालाच सांधेदुखी सुरू झाली. "हे विष आहे, बंद करा," असा ठराव बहुमतानं झाला. ज्यांनी अनोळखी ट्यूब एका शब्दावर गालाला लावू दिली, ज्यांनी काढ्यात काय आहे हे बाटलीवाल्याला विचारलं नाही, ते आता मला साइड इफेक्ट या विषयावर व्याख्यान देत होते. जायफळाच्या पुडीत कागद नसतो, एवढाच फरक. उदासीबद्दल बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं: अभ्यासांची मतं वेगवेगळी आहेत, पण मन लागेनासं झालं तर वाट बघायची नाही, फोन करायचा. खरं सांगायचं तर पोरीला उदास करायला गोळीची गरज नव्हती. त्या कामाला वऱ्हाडी मंडळी पुरेशी होती.

कारण पहिल्या काही आठवड्यांत मुरूम उलट वाढू शकतात, हेही कागदावर होतं, आणि नेमकं तेव्हाच घरात लग्न आलं. मांडवात प्रत्येकजण पोरीचं तोंड बघून माझ्याकडं वळायचा आणि "तरी सांगत होतो" म्हणायचा. नवरीपेक्षा जास्त लोकांनी तिला निरखलं. हळदीच्या वेळी एका मावशींनी नवरीची उरलेली हळद मूठभर घेऊन हिच्या गालाला फासली. "नवरीची हळद, गुण येतो." पोरगी त्या हळदीतूनही हसली. मला नसतं जमलं.

मग ओठ. या गोळीवर ओठ फुटतातच, न फुटले तर डॉक्टरच विचारतात की गोळी घेतेस ना. घरात लिपबाम पेरले गेले: फ्रिजवर, गाडीच्या डिकीत, एक देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याशेजारी, ज्यातून मी एकदा गंध लावलं. आत्यांनी फुटलेले ओठ पाहिले आणि रात्री बेंबीत साजूक तूप घालायला सांगितलं. मी हे पुढच्या खेपेला बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "तूप बरोबर आहे," म्हणाल्या, "फक्त बेंबीत नको, पोटात घाला." दोन शास्त्रांमध्ये इतका थोडा मतभेद मी कुठं पाहिला नाही. दोन्हींचं तूप एकच, वाट तेवढी वेगळी.

गणपतीत मंडळाचं रक्तदान शिबिर असतं. पोरीनं आपणहून सांगितलं, मला चालणार नाही. हे औषध चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्त देता येत नाही. ते रक्त कुण्या गरोदर बाईला चढलं तर? मंडळाच्या पोरांनी "ताई सुईला भ्याली" अशी हूल उठवली. तिनं कार्यकर्त्यांना बसवून दहा मिनिटं औषधशास्त्र शिकवलं. त्यातल्या दोघांनी नंतर हळूच डॉक्टरांचा पत्ता विचारला. गालाला गुलाल लावून मुरूम झाकणारे तेच दोघे.

हळूहळू गाठी बसल्या. नव्या येईनात. चेहरा मोकळा झाला आणि मी वाट बघू लागलो की आता कुणीतरी म्हणेल. कुणी म्हणेना. जे लोक एक पुटकुळी रस्त्याच्या पलीकडून मोजायचे, त्यांना साफ गाल दिसेना. "बारीक झालीस गं" म्हणायचे, "केस कापलेस का?" म्हणायचे. शेवटी दिवाळीत आत्यांच्या लक्षात आलं आणि श्रेयवादाची लढाई पेटली. जायफळाचा गुण उशिरा येतो, हे त्यांनी जाहीर केलं. मित्र म्हणाला, काढा वर्षभर अंगात राहतो. मावशींनी हळदीचा दाखला दिला. वॉचमननं नुसतं झाडाकडं बोट दाखवलं. चौकात फ्लेक्स लावायचा तेवढा राहिला. बाईंनी मात्र श्रेय घेतलं नाही. त्या खड्डे बघत म्हणाल्या, "हे गोळीनं भरत नाहीत, त्याचं काम वेगळं." कोल्हापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. खड्ड्यांचं खातं वेगळंच असतं आणि तिथं वेळ लागतो.

गेल्या आठवड्यात आत्यांचा फोन आला. इतके महिने विष म्हणून हिणवलेल्या गोळ्यांचं नाव त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, "उरल्या असतील तर दे पाठवून. माझ्या जावेच्या नातीला हव्यात. पुढच्या महिन्यात लग्न आहे तिचं." एक स्ट्रिप उरली होती, शेवटी डोस बदलल्यामुळं. ती मी दिली नाही, डॉक्टरांचा पत्ता दिला. आत्या रागावल्या आहेत. माझ्या स्वभावातच देणं नाही, असं त्यांनी तीन घरी सांगितलंय.

तुमच्याही कपाटात अशी उरलेली स्ट्रिप असेल तर ती कुणाच्या नातीला, पुतणीला, मैत्रिणीला देऊ नका, कितीही गळ घातली तरी. औषधवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणूनही देऊ नका. द्यायचंच असेल तर जायफळ द्या. ते निदान श्रीखंडात घालता येतं.